त्याचे लक्ष कुठे होते?

परवा दिवाळीच्या खरेदीला यवतमाळच्या दत्त चौकात गेलो होतो. गर्दीत एका गृहस्थाने वाकून नमस्कार केला. माझा जुना विद्यार्थी. आता त्याचे कापडाचे दुकान आहे. म्हणाला, "गुरुजी, तुमच्या छडीनंच माणसात आलो!" आणि शेजारच्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाला पुढे ढकलत म्हणतो, "आता या पोट्ट्याले सरळ करा. दोन ठेवून द्या, पण पाढे येऊ द्या याले."

मास्तरकीच्या चौतीस वर्षांत असली प्रशस्ती मी पुष्कळ ऐकली, आणि खोटे कशाला बोलू, ऐकून सुखावलोही. पण नमस्काराला येतात ते घडलेले. जे घडले नाहीत, ते चौकात कशाला वाकतील?

दारव्हा तालुक्यातल्या एका गावी माझ्या वर्गात एक मुलगा होता. घरी बापाचा मार, शाळेत माझा. फळा पुसायला मी हात वर केला की तिसऱ्या रांगेतला हा पोर चटकन खाली वाकायचा. मुले हसत, मीही हसे. त्याच्या प्रगतिपुस्तकात मी वळणदार अक्षरात शेरा लिहिला होता : 'अभ्यासाकडे लक्ष नाही.' एका दिवाळीच्या सुट्टीत तो कापूस वेचायला गेला, तो शाळेत परतलाच नाही.

निवृत्तीनंतर वाचनाला सवड मिळाली, तेव्हा तो शेरा मला टोचू लागला. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातील सेथ पोलॅक यांनी मुलांना चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली. आधी धूसर, मग हळूहळू स्पष्ट होत जाणारी. २००२ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. घरी मार खाल्लेली मुले रागावलेला चेहरा इतर मुलांच्या आधी ओळखत होती. म्हणजे ही मुले मठ्ठ नव्हेत. एका विषयात त्यांचा पहिला नंबर आहे. तो विषय आपल्या वेळापत्रकात नाही, इतकेच.

मेंदूत खोलवर बदामाच्या आकाराचा एक भाग असतो. अमिग्डाला त्याचे नाव. पहारेकरीच म्हणा ना! धोका दिसला की तो आरोळी ठोकतो, अंगात कॉर्टिसोल नावाचा स्राव सुटतो, छाती धडधडते. पायाशी साप निघाला तर हे हवेच. पण ज्या पोराला रोज संध्याकाळी बापाच्या स्कूटरचा आवाज हाच साप, त्याचा पहारेकरी झोपायचा कधी? कॉर्टिसोल सतत वाहत राहिला तर आठवणी साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पसला तो सोसत नाही. लहानपणी छळ सोसलेल्या प्रौढांत हा भाग सरासरीने लहान आढळला आहे. आणि मनाला आवर घालणारा कपाळामागचा मेंदू तर पंचविशीपर्यंत घडत असतो. तिथे सतराचा पाढा कुठे बसवणार?

"आम्ही बाई हात नाही लावत मुलांना," असे आपण पांढरपेशे लोक सांगतो. बोलतो मात्र! 'गाढवा', 'तू काय दिवे लावणार', 'शेजारच्या बंड्याचे मार्क बघ'. बोस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयात मार्टिन टायकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आईबापांकडून केवळ शब्दांचा मार खाल्लेल्या तरुणांचे मेंदू तपासले. बोलणे ऐकण्या-समजण्याच्या भागांतच त्यांना फरक दिसला. जिभेचा वळ पाठीवर उठत नाही, एवढाच काय तो तिचा सभ्यपणा.

हे दुखणे परदेशचे असे कोणी म्हणू नये. केंद्र सरकारने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. दर तिघांपैकी दोघांनी मार खाल्ला होता, आणि घरात मार खाणाऱ्या बहुतेकांना तो आईबापांनीच दिला होता. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतली छडी बंद केली. घरातल्या पट्ट्यापर्यंत तो कायदा पोचत नाही.

म्हणून जे झाले ते कायमचेच, असेही नाही. रुमानियात बुखारेस्टच्या अनाथालयांतली १३६ बाळे शास्त्रज्ञांनी या शतकाच्या आरंभी अभ्यासासाठी घेतली. तिथे मायेने उचलून घेणारे कोणी नव्हते. निम्म्या मुलांना सांभाळणारी कुटुंबे मिळवून दिली. त्यांची बुद्धी फुलली, जिव्हाळा परतला. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांचा अधिक. घाई असते ती अशी.

माझ्या त्या विद्यार्थ्याचे लक्ष होते. माझ्या हाताकडे होते. शेरा चुकला, आता तो कोणत्या वहीत दुरुस्त करू?

चौकातल्या त्या मुलाकडे मी नीट पाहिले. बाप हसत होता. पोराची नजर माझ्या उजव्या हातावर. मी म्हटले, "भाऊबीज झाली की पाठव याला. छडी मी केव्हाच टाकली. आणि तू सोबत आलास तर ओट्यावर बसायचे, आत यायचे नाही."

त्याला थट्टा वाटली. मी मात्र ओट्यावर सतरंजी घालून ठेवणार आहे.