‘याला जमत नाही’ असं लिहिण्याआधी



प्रगतिपुस्तकातला ‘सुधारणा आवश्यक’ हा रकाना आपण सगळेच भरतो. वर्गात बौद्धिक अक्षमता असलेलं मूल असेल तर तिथे आपण काय लिहितो? ‘सूचना समजत नाहीत.’ ‘स्वतःची कामे स्वतः करता येत नाहीत.’ मीही अशी वाक्यं लिहिली आहेत. आता वाटतं, ती मुलाबद्दलची नोंद नव्हतीच. माझं शिकवणं जिथे थांबलं, त्या जागेची ती नोंद होती.

हा विचार मला मिळाला मार्क गोल्ड या अमेरिकन संशोधकाच्या कामातून. गोल्ड आधी विशेष विद्यार्थ्यांचे शिक्षक होते, नंतर इलिनॉय विद्यापीठात संशोधन करू लागले. त्या काळी तिथे बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींना संरक्षित कार्यशाळांमध्ये वस्तू वेगळ्या करणं, पाकिटं भरणं अशी साधी कामं दिली जात. यापलीकडे त्यांना काही जमणार नाही, असंच धरलेलं होतं.

गोल्ड यांनी अशा ६४ जणांपुढे सायकलच्या ब्रेकचे १५ सुटे भाग ठेवले आणि तो ब्रेक जोडायला शिकवलं. काही जणांसाठी त्यांनी एक छोटी युक्ती केली. भाग योग्य बसवताना त्याची जी बाजू आपल्याकडे येते, ती लाल रंगवली. रंगवलेल्या भागांवर शिकणारे खूपच कमी प्रयत्नांत शिकले. हा अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला. विचार करा, माणसं तीच, ब्रेकही तोच. बदलली ती फक्त शिकवण्याची पद्धत.

यातून गोल्ड यांनी जे मांडलं ते मला फार मोलाचं वाटतं. त्यांचं म्हणणं असं, की अक्षमता म्हणजे ‘हा इतकंच शिकू शकेल’ अशी सीमारेषा नव्हे. त्याला शिकवायला किती ताकदीचं शिकवणं लागेल, हे ती सांगते. म्हणून अडलं की ‘दुसऱ्या रीतीने करून बघ’ हे त्यांचं ब्रीदवाक्य झालं. ते शिकणाऱ्यासाठी होतं, तितकंच शिकवणाऱ्यासाठीही.

माझ्याच वर्गातलं सांगतो. एक मुलगा पोषण आहारानंतर ताट धूत नसे. आम्ही धरून चाललो होतो की त्याला ते कळतच नाही. एकदा मी कामाचे टप्पे पाडले : ताट उचलणं, उरलेलं अन्न बादलीत टाकणं, नळ सोडणं, घासणं, विसळणं, नळ बंद करणं, ताट उपडं ठेवणं. आणि नुसतं बघत राहिलो. सातपैकी पाच टप्पे त्याला येत होते! अडत होतं ते फक्त नळाशी. तोटी कुठल्या बाजूला फिरवायची, हे त्याला उमगत नव्हतं. तोटीवर लाल ऑइलपेंटने बाण काढला. पहिले काही दिवस त्याच्या हातावर हात ठेवून तोटी फिरवली, मग हळूहळू हात काढून घेतला. आता तो स्वतःचं ताट स्वतः धुतो. दोन वर्षं आम्ही याला ‘जमत नाही’ म्हणत होतो, ही गोष्ट मला अजून टोचते.

तुम्ही म्हणाल, वर्गात तीस-पस्तीस मुलं, दोन इयत्ता एकत्र, वर ऑनलाइन माहिती भरायची. एवढा वेळ आणायचा कुठून? तक्रार खरी आहे. विशेष शिक्षक रोज मिळायला हवेत, ही मागणी आपण सोडायची नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अशा मुलांना ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. निर्धारित प्रमाणात दिव्यांगत्व असलेलं मूल जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत शिकू शकतं. पण हक्क मिळाला म्हणजे शिकणं झालं, असं नाही. पट आणि शिक्षण यांच्यामधलं अंतर वर्गातच कापावं लागतं. आणि टप्पे पाडायला एक कागद नि दहा मिनिटं पुरतात.

पालकांनाही एक विनंती. घाई असते म्हणून बटणं आपणच लावतो, घास आपणच भरवतो. त्यात माया असते, पण मुलाची शिकायची संधी जाते. निदान शेवटचं बटण त्याला लावू द्या. आणि कुठलं काम आधी शिकायचं, हे त्यालाही विचारा. आवड-निवड त्यालाही असते.

या सत्रात नोंद लिहिताना ‘जमत नाही’ ऐवजी एवढंच लिहून बघूया : कुठल्या टप्प्यावर अडतं, आणि तिथे मी काय बदललं. दुसरा भाग कोरा राहिला, तर ‘सुधारणा आवश्यक’ कोणाला, हे आपलं आपल्याला कळेल.