आडनावात उरलेली भाषा

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस कॉर्नवॉल प्रांतात ‘पेंट्रीथ’ हे विरळ आडनाव आढळते. कॉर्निश भाषेत ‘पेन’ म्हणजे टोक, ‘ट्रेथ’ म्हणजे वाळूचा किनारा; अर्थात हे मूळचे स्थलनाम. त्याची जुनी वस्तीही पश्चिम कॉर्नवॉलच्या किनाऱ्यालगतचीच. माउझल गावची डॉली पेंट्रीथ १७७७ मध्ये वारली आणि तिच्याबरोबर कॉर्निश भाषा संपली, असे परंपरा मानते. परंतु ही भाषा जाणणारा त्याच गावचा कोळी विल्यम बोडिनार १७८९ पर्यंत हयात होता. एका व्यक्तीच्या मृत्यूवर भाषेचा अंत मोजणे आम्हांस अशास्त्रीय वाटते. बोलणारे गेले, तरी इंग्रजीभाषक वंशज स्वतःचे नाव सांगताना नकळत कॉर्निशच उच्चारतात. म्हणून आडनावांच्या प्रसाराचे नकाशे हे वंशावळीच्या हौशीचे नव्हे, भाषेतिहासाचे साधन मानले पाहिजे.