लाभांश कुणाला आणि कळा कुणाला?

एप्रिल २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार भारताने चीनला मागे टाकलं आणि आपण जगातला सर्वांत जास्त लोकसंख्येचा देश झालो. १४२ कोटींच्या वर माणसं. तीस वर्षांपूर्वी ही बातमी आली असती तर अग्रलेखांनी कपाळाला हात लावला असता. या वेळी तसं झालं नाही. उद्योगपती, मंत्री, परदेशी गुंतवणूकदार सगळे खूश. केवढी तरुण माणसं, केवढे कामाचे हात, केवढी बाजारपेठ! कालपर्यंत जो 'भस्मासुर' होता, तो आज 'लोकसंख्येचा लाभांश' झाला आहे.

मैत्रिणींनो, वरच्यांनी शब्द बदलला की आपण कान टवकारायला हवेत. १९६८ साली पॉल एर्लिक या अमेरिकन शास्त्रज्ञाने लोकसंख्येला 'बॉम्ब' म्हटलं आणि आपल्या पुस्तकाची सुरुवात दिल्लीच्या गर्दीपासून केली. आज त्याच गर्दीकडे बोट दाखवून 'संधी' म्हटलं जातं. पण बॉम्ब म्हणा की लाभांश, ही लोकसंख्या जिच्या पोटातून येते आणि जिच्या हातांवर वाढते, तिला या दोन्ही शब्दांत जागा नाही. कालही तिला मोजलंच जात होतं, आजही मोजलंच जातं. विचारत तिला कुणीच नाही.

हा लाभांश म्हणजे नेमकं काय? अर्थतज्ज्ञांचं गणित असं आहे : जन्मदर घटला की काही वर्षं देशात लहान मुलं कमी असतात, म्हातारी माणसंही अजून फार झालेली नसतात, आणि कमावत्या वयाची माणसं जास्त असतात. खाणारी तोंडं कमी, राबणारे हात जास्त. त्यातून बचत, गुंतवणूक आणि वाढ. केंद्र सरकारच्या २०१८-१९ च्या आर्थिक पाहणीनुसार २० ते ५९ वयाच्या लोकांचं प्रमाण २०४१ च्या सुमारास सर्वांत जास्त, ५९ टक्क्यांच्या आसपास असेल. पुढे उतरण. म्हणून ही सगळी घाई.

या गणिताला दोन पायऱ्या आहेत. पहिली, मुलं कमी होणं. दुसरी, हातांना काम मिळणं. पहिली पायरी कुणाच्या अंगावर पाय ठेवून चढली गेली आणि दुसऱ्या पायरीवर कुणाला उभं राहू दिलेलं नाही, ते पाहू या.

मुलं कमी झाली, हे खरं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात एका बाईला सरासरी दोन मुलं होतात, महाराष्ट्रात तर १.७. पण ती कमी कशी झाली? त्याच पाहणीत विवाहित बायकांपैकी जवळजवळ ३८ टक्के जणींची नसबंदी झालेली होती. नवऱ्याची नसबंदी झालेल्या होत्या ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन. मी ज्या वस्त्यांत काम करते तिथे बाई स्वतःचं वय सांगतानाही म्हणते, "ऑपरेशन झालं तेव्हा मी बाविसची होते." कसलं ऑपरेशन, हे तिला सांगावं लागत नाही आणि आपल्याला विचारावं लागत नाही.

आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या. त्यांत बहुतेक पुरुष होते. लोक खवळले आणि १९७७ साली सरकार गेलं, त्यात या सक्तीचा मोठा वाटा होता. त्यानंतर सगळ्या सरकारांनी धडा घेतला. सक्ती वाईट, हा तो धडा नव्हता. पुरुषांना हात लावायचा नाही, हा धडा होता. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या एका शिबिरात एका सर्जनने काही तासांत ८३ बायकांच्या नसबंद्या केल्या. त्या दिवसांतल्या तिथल्या शिबिरांनंतर १३ बायका दगावल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की तीन वर्षांत ही शिबिरं बंद करा. पुरुषांच्या नसबंदीने सरकार हाललं. बायकांच्या नसबंदीने, त्यातल्या मृत्यूंनीही, आजवर एकही सरकार हाललेलं नाही.

आता पुढचा अंक. मुलं कमी झाल्यावर काही नेत्यांना म्हातारपणाची काळजी वाटू लागली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांनी जास्त मुलं होऊ द्या असं आवाहन केलं, आणि दोनापेक्षा जास्त मुलं असलेल्यांनाच स्थानिक निवडणूक लढवता येईल असा कायदा करण्याचा विचारही बोलून दाखवला. त्याच राज्यात आधी दोनापेक्षा जास्त मुलं असणाऱ्यांना या निवडणुकांना बंदी होती! ती नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेने उठवली. डिसेंबर २०२४ मध्ये नागपुरात सरसंघचालक मोहन भागवत यांनीही दोनापेक्षा जास्त, तीन मुलं हवीत असं सांगितलं. चीननेही हेच केलं : साडेतीन दशकं एकच मूल, २०१६ पासून दोन, २०२१ पासून तीन.

आपल्या महाराष्ट्रात सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर पंचायतीचं सदस्यपद जाण्याची अट आली. ज्या घरात तिसरं मूल हवं की नको हे बाईला ठरवता येत नाही, त्याच घरातल्या बाईचं पद त्या मुलापायी जातं. एक म्हणतो थांबा, दुसरा म्हणतो होऊ द्या. जणू बाई म्हणजे पाण्याचा नळ. दोन मुलांचा कायदा आणि तीन मुलांचा उपदेश ही मला एकाच घरातली भावंडं वाटतात.

आता दुसरी पायरी, काम. सरकारी श्रमशक्ती पाहणीचे आकडे दाखवून सांगितलं जातं की बायका मोठ्या संख्येने कामात येत आहेत. पंधरा वर्षांवरच्या बायकांचा श्रमशक्तीतला सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला. वाचून बरं वाटतं. पण त्याच पाहणीची पुढची पानं उलटा. कामकरी बायकांपैकी सुमारे ३७ टक्के या घरच्या शेतीत किंवा धंद्यात बिनपगारी मदतनीस आहेत. आणि नियमित पगाराचं काम असलेल्यांचं प्रमाण याच काळात २१ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर घसरलं. म्हणजे मोजणीत बायका वाढल्या, पगारपत्रकावर त्यांचा वाटा घटला.

आमच्या वस्तीत हे रोज दिसतं. लसूण सोलणं, राख्या करणं, शर्टांचे धागे कापणं, काज-बटण. सगळं नगावर किंवा किलोवर. माल आणून देणारा आणि घेऊन जाणारा एकच माणूस. त्याच्या वर कोण आहे, माल कुठल्या दुकानात जातो, बाईला ठाऊक नसतं. जागा तिची, वीज तिची, पाठ तिची. शाळेतून आलेली मुलगीही पाटीपाशी बसते. तिचे नग आईच्या हिशेबात जातात.

आणि हे सगळं घरकाम उरकून. २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात असं दिसलं. घरकाम करणारे पुरुष, म्हणजे जे थोडे करतात ते, ८८ मिनिटं. ही जवळजवळ पाच तासांची पाळी आहे. बिनपगारी, बिनसुट्टीची.

मागे एका उद्योग-संघटनेने स्त्रिया आणि आर्थिक विकास या विषयावर परिसंवाद ठेवला होता. आमच्या संस्थेकडून मी गेले. सगळे वक्ते सांगत होते की बायका कामात आल्या तर देशाचं उत्पन्न किती वाढेल. मी विचारलं, तुमच्या वसाहतीतल्या कारखान्यांमध्ये पाळणाघरं किती आहेत? सूत्रसंचालक हसून म्हणाले, "ताई, तो सामाजिक विषय झाला, आज आपण आर्थिक विषयावर बोलतोय." एवढ्या एका वाक्यात सगळं आलं. बाईचा घाम आर्थिक, बाईचं मूल सामाजिक.

या दोन्ही पायऱ्या एकत्र पाहायच्या असतील तर ऊसतोडीच्या फडात जा. तिथे नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. मुकादम उचल देतो ती नवऱ्याच्या हातात. ती फेडेपर्यंत दोघांनी राबायचं. एक दिवस कामावर नाही गेलं तर खाडा, आणि खाड्याचा दंड. पाळी आली तरी खाडा, दिवस गेले तरी खाडा. २०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली. त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली होती. आधी मुलं थांबवण्यासाठी ऑपरेशन, मग खाडा टाळण्यासाठी पिशवी. साखरेच्या पोत्यावर याची नोंद नसते. अर्धा कोयता म्हणून मोजलेली ही बाई 'कामाच्या हातां'तच धरलेली आहे, हे विसरू नका.

राहिली बाजारपेठ. 'एवढी मोठी बाजारपेठ' हे शब्द ऐकले की मला सोनोग्राफीचं यंत्र आठवतं. दोनच मुलं हवीत आणि त्यांत मुलगा हवाच, ही गरज धंदेवाल्यांनी बरोबर ओळखली. आपल्या चळवळीच्या रेट्याने महाराष्ट्राने १९८८ साली, देशात सर्वांत आधी, गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरी सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे राज्यात १९९१ साली ९४६ मुली होत्या, त्या २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ राहिल्या. हीसुद्धा व्यवसायाची संधीच होती, आणि ती पुरेपूर साधली गेली. तसंच कर्जाचं. ऑगस्ट २०१० मध्ये गरीब बायकांना कर्ज देणारी एक मोठी कंपनी शेअर बाजारात उतरली, भागधारकांची चांदी झाली. ऑक्टोबर २०१० मध्ये वसुलीचा जाच आणि आत्महत्यांच्या बातम्यांमुळे आंध्र सरकारला या कंपन्यांविरुद्ध अध्यादेश काढावा लागला.

मला विचारलं जातं, "म्हणजे तुम्हाला विकास नको?" हवा आहे. कारखाना हवा, पगाराची नोकरी हवी, बँकेत स्वतःचं खातं हवं. घराबाहेरच्या कमाईने बाईचा आवाज कसा बदलतो हे मी पाहते. राज्य सरकारने जुलै २०२४ पासून 'लाडक्या बहिणीं'ना महिना १५०० रुपये सुरू केले, त्यांना नाकं मुरडणाऱ्यांतही मी नाही. त्या पैशांतून औषधं येतात, वह्या येतात. पण ओवाळणी आणि मजुरी यांत फरक आहे. ओवाळणी भावाच्या मर्जीवर असते. मजुरी हक्काने मागता येते.

तेव्हा हक्काने मागू या. पहिली मागणी पाळणाघराची. २०१७ च्या दुरुस्तीने पाळणाघराची सक्ती केली ती पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी. आपल्या बहुसंख्य बाया तिथे नाहीतच. १९७५ पासून गावोगाव अंगणवाड्या आहेत. त्या दिवसभर चालवा, आणि तिथल्या सेविका-मदतनिसांना मानधन नव्हे, वेतन द्या. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरच्या अंगणवाडी सेविका संपावर गेल्या त्या याच रागातून. दुसरी मागणी : कोयता मोडा. नवरा आणि बायको असे दोन मजूर लिहा, तिची मजुरी तिच्या खात्यात घाला, पाळी आणि बाळंतपण हा खाडा धरू नका. तिसरी : नगावरच्या घरकामगारांची नोंदणी आणि किमान वेतन. चौथी : मुलांच्या संख्येवरून बक्षीसही नको, दंडही नको, मग संख्या कमी करायची असो की वाढवायची. आणि नसबंदीच्या टेबलावर पुरुषांनाही बोलवा, ती शस्त्रक्रिया सोपी आहे.

प्रत्येक गटाने एक काम करावं असं मी सुचवते. पुढच्या बैठकीत एक मोठा कागद भिंतीला लावा. प्रत्येकीने आपला कालचा दिवस पहाटेपासून त्यावर लिहायचा, किती तास, किती नग, किती पैसे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं दुसरीने लिहायचं. हे कागद तालुक्याला एकत्र करा आणि आमदार, कामगार अधिकारी, कारखान्याचे संचालक यांच्या पुढ्यात ठेवा. त्यांच्याकडे त्यांचे तक्ते आहेत, आपल्याकडे आपले असू देत.

लाभांश भागधारकाला मिळतो, हा व्यापाराचाच नियम आहे. आपला भाग आपण कधीच भरला आहे, अंगावरच्या टाक्यांनी आणि पहाटेच्या पाळीने. आता हिशेबाची वही मागायची आहे.