कवयित्रींचीं पानें

आमच्या वार्षिकाच्या मराठी विभागांत यंदापासून कांहीं पानें स्त्रियांच्या कवितेसाठीं राखून ठेवावीं असें आम्हीं ठरविलें आहे. शाळेंतील मुलींच्या कविता त्यांत येतीलच. परंतु त्यांच्या आईच्या, आजीच्या, पाहुणी म्हणून आलेल्या मावशीच्या आणि घरीं भांडीं घासावयास येणाऱ्या बाईच्या मुखांतलीं गाणींही तेथें यावीं अशी आमची इच्छा आहे. हें वाचून पालकांपैकीं कांहीं जण नाक मुरडतील, हें आम्हांस ठाऊक आहे. ते म्हणतील, कविता ती कविता. तिला स्त्री काय आणि पुरुष काय! आगगाडींत बायकांचा डबा निराळा असतो, तसा आतां साहित्यांतही जोडावयाचा काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर दिल्यावांचून पुढें जाणें बरें नाहीं.

मराठी स्त्री कविता करीत नव्हती असा एकही काळ दाखवितां येणार नाहीं. उणीव होती ती कवितेची नव्हे, कविता ठेवण्याच्या जागेची. जी कविता आज आपल्या हातीं आहे ती प्रत्येक वेळीं कोणीतरी तिला जागा दिली म्हणून उरली. आणि जिला जागा मिळाली नाहीं तिची आज मोजदादही करितां येत नाहीं.

आपल्या विदर्भाचेंच उदाहरण घ्यावें. अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपूर हें महानुभाव पंथाचें मोठें स्थान. हल्लीं तेथें मराठी भाषेचें विद्यापीठही सुरू झालें आहे. तेथें तेराव्या शतकांत महदंबेनें धवळे रचिले. धवळे म्हणजे विवाहाच्या प्रसंगीं म्हणावयाचीं गाणीं; महदंबेच्या धवळ्यांचा विषय श्रीकृष्ण व रुक्मिणी यांच्या विवाहाचा. गोविंदप्रभूंच्या लग्नाचा खेळ मांडला गेला तेव्हां तिनें ते गाइले, अशी पंथाची परंपरा सांगते. मराठीची आद्य कवयित्री हा मान तिला याच धवळ्यांमुळें मिळाला. येथें ध्यानांत धरण्याजोगी गोष्ट अशी कीं, तिला कोणीतरी ‘गा’ म्हटलें, बसून ऐकलें, आणि पुढें पंथानें तें गाणें लिहून जतन केलें. परंतु महानुभावांनीं आपले ग्रंथ सांकेतिक लिपींत लिहिले; त्या लिपींची किल्ली विसाव्या शतकाच्या आरंभीं बाहेरच्या अभ्यासकांच्या हातीं येईपर्यंत इतर मराठी वाचकांस महदंबेचें नांवही ठाऊक नव्हतें. घर होतें, पण त्याचें दार रस्त्यावरून दिसत नव्हतें. जनाबाईची गोष्ट थोडी निराळी. तिचे अभंग नामदेवाच्या गाथेंत राहिले म्हणून आपणांस मिळाले. दुसऱ्याच्या घरांत मिळालेला तो एक कोनाडा होय. त्या कोनाड्याचे उपकार मोठे आहेत, परंतु कोनाडा तो कोनाडाच.

या सर्वांहून मोठी जागा होती ती जात्याची. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं बहुतेकांनीं जातें फिरतांना पाहिलेंही नसेल. सीताबर्डीच्या बाजारांत तें आतां जुन्या वस्तूंच्या दुकानांतच दिसावयाचें. पहांटेच्या अंधारांत दोघीजणी समोरासमोर बसत, एका खुंट्यावर दोघींचे हात असत, आणि धान्याची मूठ जात्याच्या मुखांत पडली कीं वरच्या तळीच्या घरघरीवर ओवी सुरू होई. तो एकच प्रहर असा होता कीं जेव्हां घरांतील पुरुषमंडळी निजलेली असत आणि स्त्रीच्या बोलण्यास कोणी आडकाठी करीत नसे. सासरचा जाच, माहेरची वाट, भावाचें कौतुक, लेकीचें लग्न, पंढरीची वारी, पुढें पुढें डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांचें गुणगानसुद्धां या ओव्यांत आलें. दळण संपलें कीं पीठ डब्यांत जाई आणि ओवी हवेंत. मग पिठाची गिरणी आली. बायकांच्या खांद्यांवरचा भार तिनें हलका केला, आणि त्याबद्दल तिचे आभारच मानले पाहिजेत. जात्याचे गोडवे गाणाऱ्या कित्येक विद्वानांनीं एक पायली ज्वारी स्वतः दळून पाहिली असती तर त्यांचा सूर थोडा उतरला असता. परंतु गिरणीनें दळण नेलें तेव्हां त्याबरोबर गाण्याची बैठकही नेली, आणि तिच्या जागीं दुसरी बैठक कोणीं घातली नाहीं.

कांहीं थोड्यांनीं मात्र वेळेवर धांव घेतली. साने गुरुजींनीं ‘स्त्रीजीवन’ या नांवानें ओव्यांचा संग्रह केला. कमलाबाई देशपांडे यांनीं १९४८ सालीं आपल्या पुस्तकास ‘अपौरुषेय वाङ्मय अर्थात् स्त्रीगीतें’ असें नांव दिलें. अपौरुषेय हा शब्द आपण आजवर वेदांसाठीं राखून ठेविला होता. तो बाईंनीं जात्यावरच्या गाण्यांस लाविला, आणि एका शब्दांत दोन अर्थ साधले! पुढें विसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याचे गी पॉइट्वाँ आणि हेमा राईरकर यांनीं गांवोगांव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. पॉइट्वाँ जन्मानें फ्रेंच. परंतु मावळ-मुळशीच्या बायकांजवळ बसून त्यांचें गाणें ऐकण्याचा धीर त्यांच्या ठायीं होता. हें काम आम्हांस विशेष महत्त्वाचें वाटतें तें संख्येमुळें नव्हे. प्रत्येक ओवीबरोबर ती म्हणणाऱ्या बाईचें नांव व गांव लिहून ठेवण्याचा कटाक्ष त्यांनीं बाळगिला. तोंपर्यंत ‘लोकगीत’ म्हटलें कीं कर्ता कोणीच नाहीं असें आपण समजत असूं. तेथें कर्ता नव्हता असें नव्हे. कर्ती होती, आणि तिला कोणीं नांव विचारलें नव्हतें. आज यांतील पुष्कळ ओव्या त्या बायकांच्याच आवाजांत कोणासही ऐकावयास मिळतात.

आतां नियतकालिकाच्या पानाची गोष्ट. १८५५ सालीं ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या पत्रानें मुक्ता साळवे या मांग समाजांतील मुलीचा निबंध छापिला. ती जोतीराव फुले यांच्या शाळेंतली विद्यार्थिनी. तो निबंध गद्य आहे, कविता नव्हे, हें आम्ही जाणतों. तरी आमच्यासारख्या शालेय अंकाच्या चालकांनीं तो सदैव दृष्टीपुढें ठेवावा असा आहे. शाळेंत शिकणाऱ्या एका मुलीनें लिहिलें, एका पत्रानें तें नांवानिशीं छापिलें, एवढेंच घडलें. आणि तेवढ्यानेंच तिचा आवाज दीडशें वर्षांहून अधिक काळ ओलांडून आपणांपर्यंत आला. आदल्याच वर्षीं, म्हणजे १८५४ त, सावित्रीबाई फुले यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह निघाला होता. जेथें शाळा उघडली तेथें लगोलग कविताही उगवली, यांत आम्हांस नवल वाटत नाहीं.

नागपूरचा आणि लक्ष्मीबाई टिळकांचा संबंध आमच्या वाचकांस ठाऊक असेल. रेव्हरंड टिळक ख्रिस्ती होण्यापूर्वीं, १८९५ च्या अगोदर, हें दांपत्य नागपुरांत राहत होतें. लक्ष्मीबाईंचें शिक्षण बेताचें. अक्षरओळख झाली तीच मोठ्या खटपटीनें. परंतु १९१९ सालीं टिळक निवर्तले तेव्हां त्यांचें ‘ख्रिस्तायन’ हें महाकाव्य आरंभींच थांबलें होतें, आणि तें पुढें नेलें लक्ष्मीबाईंनीं. त्यांतील बहुतेक अध्याय त्यांचे आहेत. त्यांचीं ‘स्मृतिचित्रें’ सर्वत्र वाचलीं जातात, कवितेकडे मात्र फारसें कोणी वळत नाहीं. पतीचें अपुरें काम पूर्ण करणारी पत्नी म्हणून त्यांची वाहवा होते; कवयित्री म्हणून त्यांचें परीक्षण करावयास आपण अजून नीट बसलोंच नाहीं.

आणि खानदेशच्या बहिणाबाई चौधरी! जन्म १८८० चा, लिहितां वाचतां येत नव्हतें, शेतांत राबतां राबतां व चूल फुंकतां फुंकतां गाणीं सुचत. चिरंजीव सोपानदेव यांनीं व घरांतील दुसऱ्या एका नातलगानें त्यांतलीं कांहीं उतरून घेतलीं. बहिणाबाई १९५१ त वारल्या, आणि आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानें त्यांचीं गाणीं १९५२ त पुस्तकरूपानें बाहेर आलीं. सोपानदेव स्वतः कवी होते म्हणून आईच्या गाण्याची किंमत त्यांस कळली. ज्या घरांत मुलगा कवी नव्हता अशा घरांतील बहिणाबाईंचें काय झालें असेल, हा विचार मनांत आला म्हणजे आम्हांस बेचैन व्हावयास होतें.

कोणी म्हणेल, हें सारें जुनें झालें. आतां स्त्रियांस कोण अडवितें? तर एक हिशेब पाहावा. मराठी ग्रंथकारांचें पहिलें संमेलन १८७८ त भरलें. अध्यक्षपदीं पहिली स्त्री बसली ती १९६१ त, ग्वाल्हेरास; आणि त्या होत्या आपल्या नागपूरच्या मॉरिस कॉलेजांत इंग्रजी शिकविणाऱ्या कुसुमावती देशपांडे. त्र्यायशीं वर्षें लागलीं. २०२५ पर्यंत अठ्ठ्याण्णव संमेलनें झालीं आणि त्यांत अध्यक्षा झाल्या अवघ्या सहा. विदर्भ साहित्य संघाची वास्तु आपल्या सीताबर्डीवरच आहे. तेथें संध्याकाळीं कविसंमेलनास जाणाऱ्या मुलींस घरून निघतांना किती प्रश्नांचीं उत्तरें द्यावीं लागतात, आणि मुलांस किती, हें पालकांनींच मनाशीं मोजावें.

तेव्हां आगगाडीच्या डब्याविषयीं आमचें म्हणणें असें. बायकांचा डबा निराळा असला तरी गाडी तीच, रूळ तेच आणि मुक्कामही तोच. तो डबा काढला कीं सर्वजणी सुखानें सर्वसाधारण डब्यांत बसतील असें नाहीं. कित्येकी फलाटावरच राहतील. १९३० सालीं शंकरराव किर्लोस्करांनीं ‘स्त्री’ मासिक काढलें व १९८९ त पुण्यास विद्या बाळ यांनीं ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केलें, तें याच कारणानें. ज्यांस सर्वसाधारण पानांवर आपली कविता पाठवावयाची असेल त्या मुलींनीं ती तेथेंच पाठवावी. राखीव पानें आहेत म्हणून त्यांस इतरत्र मज्जाव होणार नाहीं. मात्र राखीव पान म्हणजे सवलतीचें पान नव्हे. वृत्त घेतलें तर तें सांभाळलें पाहिजे, मुक्तछंद घेतला तर त्यांत लय पाहिजे. नापसंत कविता आम्ही कारणें लिहून परत करूं. ‘मुलीनें लिहिली, छापून टाका’ ही वृत्ति आम्हांस अपमानाची वाटते.

पालकांस दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. मुलीची कविता म्हणजे पोलिसांपुढें दिलेली जबानी नव्हे. मुलानें विरहावर लिहिलें कीं आपण म्हणतों, वाचन दांडगें दिसतें. मुलीनें लिहिलें कीं तिची वही उघडून चौकशी आरंभितों. १९३३ त विभावरी शिरूरकर या टोपणनांवानें ‘कळ्यांचे निःश्वास’ हें कथांचें पुस्तक निघालें, तेव्हां पुस्तकांत काय आहे यापेक्षां लेखिका कोण याचाच शोध अधिक झाला. मालतीबाई बेडेकरांना नांवाआड कां राहावें लागलें हें त्यावरूनच उघड होतें. म्हणून जी मुलगी टोपणनांव घेईल तिचें खरें नांव आम्ही कोणासही सांगणार नाहीं, तिच्या वडिलांसही नाहीं. यावर कांहीं पालक रुष्ट होतील. त्यांनीं खुशाल पत्र लिहावें. तें छापूं, आणि आमचें उत्तरही त्याखालीं छापूं.

दुसरी गोष्ट भाषेची. आजीच्या मुखांतील वऱ्हाडी किंवा झाडीपट्टीची बोली शुद्ध करूं नये. भुलाबाईचीं गाणीं भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्याकडे घरोघर म्हटलीं जात. तीं जशीं ऐकलीं तशींच उतरावीं, शब्द कळला नाहीं तर विचारून घ्यावा, पण बदलूं नये. आणि केवळ सणावारांचींच गाणीं आणावीं असेंही नाहीं. नागपूरच्या ज्योती लांजेवार यांचा ‘दिशा’ हा संग्रह १९८२ त आला, आणि कष्टकरी दलित आईचें जिणें त्यांच्या कवितेंत उभें राहिलें. आपल्या शाळेंत विटा वाहणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, दवाखान्यांत रात्रपाळी करणाऱ्या आयांच्या मुली आहेत. त्यांच्या घरचीं गाणीं आम्हांस हवीं आहेत.

या कामांत मुलांनींही अंग चोरूं नये. सोपानदेव मुलगेच होते. दिवाळीच्या सुटींत गांवीं जाणाऱ्यांनीं कोरी वही बरोबर न्यावी. गाणें जिच्याकडून ऐकलें तिची परवानगी आधीं घ्यावी, आणि लिहून झाल्यावर तिला एकदां वाचून दाखवावें. ‘असें नाहीं’ असें ती म्हणाली तर तिचेंच खरें. कागदाच्या माथ्यावर म्हणणारीचें नांव, सासरचें गांव व माहेरचें गांव तिघेही लिहावींत. ‘आजीनें म्हटलेलें’ एवढेंच लिहून आणलेला कागद आम्ही परत करूं, कारण आजीलाही नांव असतें आणि पुष्कळ नातवंडांस तें सांगतां येत नाहीं. शाई निळी किंवा काळी चालेल. पेन्सिल वापरूं नये. ती पुसली जाते.