'अत्यंत' शब्दाचा अत्याचार

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, आणि तेव्हापासून तिच्या थोरवीचे पोवाडे गाणाऱ्यांस नवे बळ आले आहे. त्यांनी ते अवश्य गावेत. आमचे म्हणणे एवढेच, की जिचे पोवाडे गावयाचे ती भाषा भाषांतरकारांच्या हातून रोज थोडथोडी मरत आहे. परकी नामे हुडकून हद्दपार करण्याचा उद्योग आपल्याकडे पुष्कळ झाला. माधव जूलियनांनी १९३८ साली 'भाषाशुद्धि-विवेक' हा ग्रंथही लिहिला. परंतु 'टेबल' आणि 'स्टेशन' यांनी मराठीचे फारसे काही बिघडविले नाही. तिचा कणा मोडत आहे तो 'व्हेरी', 'टू', 'क्वाइट', 'ओन्ली', 'मोस्ट' अशा मात्रादर्शक इंग्रजी शब्दांच्या आंधळ्या भाषांतराने.

इंग्रजीत एकच 'व्हेरी' वाटेल त्या विशेषणापुढे उभा राहतो. मराठीची रीत निराळी. येथे प्रत्येक गुणाची मात्रा त्याच्या घरचीच असते. काळा तो काळाकुट्ट, पिवळा तो पिवळाधमक. चिंच आंबटढाण, पाणी थंडगार, लुगडे नवेकोरे, आणि बहिरा तो ठार बहिरा. आमच्या वडनेरच्या बाजारात 'गंज' म्हटले की धान्याची रास डोळ्यांपुढे उभी राहते. या सर्वांच्या जागी भाषांतरकार 'अत्यंत' बसवितो: अत्यंत काळा, अत्यंत आंबट, अत्यंत बहिरा! शंभर मसाल्यांच्या घरात एक मीठच उरावे, तशी ही दशा.

जी गोष्ट विशेषणांची, तीच अव्ययांची. 'मीच वर्ध्यास गेलो', 'मी वर्ध्यासच गेलो', 'मी वर्ध्यास गेलोच' ही तीन वाक्ये व तीन अर्थ आहेत, आणि भेद सारा एका 'च'च्या जागेचा. इंग्रजास यासाठी आवाज चढवावा लागतो किंवा अक्षरे तिरपी छापावी लागतात. असे रत्न पदरी असता आपण 'ओन्ली'साठी 'फक्त' आणतो, आणि तेवढ्याने समाधान न होऊन 'फक्त दोनच' लिहितो. 'टू हॉट टु ड्रिंक' याचे 'पिण्यासाठी खूप गरम' करणाऱ्याच्या आजीस विचारावे; ती 'पिववत नाही इतका कढत' असे सहज सांगेल. 'सर्वोत्कृष्ट नाटकांपैकी एक' हा प्रकार तर परीक्षणाच्या प्रत्येक पानावर भेटतो. जे सर्वांत उत्कृष्ट ते एकच असावयाचे. त्यांचा घोळका कसा होतो? उलट ज्या पुस्तकास इंग्रजीत 'साँग ऑफ साँग्ज' म्हणतात, त्यास मराठी बायबलात 'गीतरत्न' हे नाव आहे. तेथे 'गीतांचे गीत' असे लिहिण्यास कोणाची हरकत होती? परंतु भाषांतरकाराने शब्द न पाहता मात्रा पाहिली.

यावर कोणी म्हणेल, की हे ललित वाङ्मयाचे लाड झाले. शास्त्रास 'अत्यंत' हाच गंभीर शब्द शोभतो. या आक्षेपाचे उत्तर आम्ही शेतातूनच देतो. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी औषधांचे विषारीपणावरून चार वर्ग केले असून डब्यावर त्यांचे रंग अनुक्रमे तांबडा, पिवळा, निळा व हिरवा असे आहेत. प्रयोगातील निम्मे प्राणी ज्या मात्रेने दगावतात ती तोंडावाटे दर किलो वजनास ५० मिलिग्रॅमपर्यंत असल्यास पहिला वर्ग, ५१ ते ५०० असल्यास दुसरा. इंग्रजीत पहिला 'एक्स्ट्रीमली', दुसरा 'हायली'. आता एकास 'अत्यंत विषारी' व दुसऱ्यास 'अतिशय विषारी' म्हटले, तर अधिक घातक कोणते, हे कोणता पंडित सांगू शकेल? आणि शेवटच्या वर्गास 'किंचित विषारी' म्हटले, तर शेतकऱ्याने तोंडास फडके तरी का बांधावे? २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व मजूर दगावले. त्याची कारणे अनेक होती, आणि सारा दोष भाषांतरावर घालणे अन्यायाचे होईल. परंतु जेथे शब्दावर जीव टांगला आहे, तेथे शब्द ढिला असणे हा अपराधच होय.

शास्त्रास पायऱ्या हव्यात हे आम्हांसही मान्य आहे. पण 'अत्यंत', 'अतिशय', 'अति' या पायऱ्या नव्हेत, ती एकच घसरण आहे. 'जहाल विष' म्हटल्याबरोबर कापूस वेचणारी बाईही हात मागे घेते. पहिल्या वर्गास 'जहाल', दुसऱ्यास 'कडक', तिसऱ्यास 'मध्यम' व चौथ्यास 'सौम्य, तरी विषच' असे म्हणावे. त्या 'विषच'मधील 'च'ने जे काम होईल ते दहा 'अत्यंतां'नी होणार नाही.

भाषांतरकारांस आमची विनंती एवढीच, की 'व्हेरी' दिसताच कोशाकडे धावू नये. आपल्या लोकांच्या तोंडी त्या गुणाची मात्रा कोणती आहे, ते आधी ऐकावे. अभिजातपणाचा दर्जा सरकार देऊ शकते. भाषेचा जिवंतपणा तिच्या लेखकांनीच राखावयाचा असतो.