फिरायला कुठे, आणि कुणाच्या पैशानं?

आमच्या बचत गटाची बैठक दर महिन्याच्या पहिल्या रविवारी असते. मागच्या वर्षी मार्चच्या बैठकीत एका सभासद ताईंचा ५० हजारांचा कर्जाचा अर्ज आला. कारण लिहिलं होतं, 'मुलीचं लग्न'. ताई बाजारात भाजी विकतात, हप्ता कधी चुकवत नाहीत, त्यामुळे अर्जाला कुणी हरकत घ्यायचं कारण नव्हतं. पण लग्नासाठी त्यांनी आधीच एकदा कर्ज उचललं होतं. म्हणून मी विचारलं, "ताई, हॉल झाला, भांडी झाली, कपडे झाले. आता हे कशाला?"

त्या पदराशी चाळा करत म्हणाल्या, "पोरीला न् जावयाला फिरायला पाठवायचंय. अंदमानला. यादीत लिहिलंय ना."

बायका आधी हसल्या. मग एकदम गप्प झाल्या. कारण लग्नाच्या बोलणीत जी यादी होते, त्या यादीत आपण काय काय लिहिलेलं पाहिलंय! मानपान, भांडीकुंडी, मुलाची अंगठी, वरातीची गाडी. आणि आता शेवटची ओळ, 'हनिमून पॅकेज - मुलीकडे'.

मैत्रिणींनो, हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. 'आम्हाला हुंडा नको, फक्त मुलांना जरा फिरायला पाठवा' असं गोड बोलून मागितलं, तरी लग्नासाठी मागितलेली रक्कम ती मागितलेलीच. ती रोख न देता विमान कंपनीला दिली एवढाच फरक. आणि या मागणीला नाही म्हणणं मुलीच्या आईला फार जड जातं, कारण ती मुलीच्या सुखाच्या नावानं केलेली असते. नाही म्हटलं तर पोरीच्याच हौसेवर पाणी टाकल्यासारखं!

माझं स्वतःचं लग्न २००३ सालचं. तेव्हा आमच्या घरात 'हनिमून' हा शब्द मोठ्यानं उच्चारायची सोय नव्हती. "देवदर्शन करून या" असं सासूबाई म्हणाल्या आणि आम्ही मोखाड्यावरून एसटीनं त्र्यंबकेश्वरला गेलो, पुढे वणीला. सोबत धाकटी नणंद! ती खिडकीशी, मी मध्ये आणि हे तिसऱ्या जागेवर. तेव्हा हसू यायचं, आता थोडं वाईटही वाटतं. म्हणून नव्या जोडप्यानं चार दिवस कुठेतरी दूर, घरच्या माणसांच्या नजरेपलीकडे जावं, या मताची मी आहे. ते चार दिवस चैन नाहीत. ठरवून झालेल्या लग्नात तर दोन अनोळखी माणसांना एकमेकांशी नीट बोलायला मिळणारा तो पहिलाच निवांतपणा. माझा प्रश्न एवढाच, की तो कुणाच्या पैशानं आणि कुणाच्या पसंतीनं.

त्या अर्जावर गटानं लगेच होय-नाही केलं नाही. आमच्या गटात अंतर्गत कर्जाला शेकडा २ रुपये महिना व्याज आहे. ५० हजारांचं पहिल्याच महिन्याचं व्याज हजार रुपये. एक आजी म्हणाली, "हजाराची मेथी इकायला किती दिवस लागतात, ते हिलाच इचारा." मी म्हटलं, आधी मुलीशी बोलते.

मुलगी कंत्राटी नर्स आहे. मुलगा बोईसरच्या एमआयडीसीत एका कंपनीत, तोही कंत्राटीच. तिला विचारलं तर ती म्हणे, "मला कुणी विचारलंच नाही, कुठे जायचं ते." आणि गंमत म्हणजे मुलालाही यादीतल्या त्या ओळीचा पत्ता नव्हता! ती त्याच्या मामांनी घातली होती. ऐकून बिचारा ओशाळला. मग एका रविवारी दोघंही माझ्याकडे आले. पोहे झाले, चहा झाला, आणि वहीचं एक कोरं पान समोर ठेवलं.

मुलाच्या मोबाइलमध्ये फोटोंची रांगच होती. निळंशार पाणी, पांढरी वाळू, पाण्यावर बांधलेल्या झोपड्या. त्यात एक फोटो जमैकाचा. "काकू, हे बघा, कॅरिबियन! एका रात्रीला एवढेच, खाणंपिणं सगळं धरून." आमचे हे आतून ओरडले, "अरे, ते वेस्ट इंडिज! १९७१ ला गावसकरनं ७७४ धावा काढल्या ती मालिका तिथलीच!" आमच्या पिढीला ती बेटं ठाऊक ती एवढ्यापुरतीच.

फोटोखालचा आकडा मात्र नीट वाचून घेतला. एक म्हणजे तो डॉलरमध्ये होता, दुसरं म्हणजे तो माणशी होता. जोडप्याला दुप्पट! आणि मुंबईहून तिथे थेट विमान नाही. अमेरिकेत विमान बदलायचं तर अमेरिकेचा व्हिसा आधी काढायला हवा. जाण्यात एक दिवस, येण्यात एक दिवस, आणि विमानाचं भाडं हॉटेलच्या कितीतरी वर.

पण तो 'सगळं धरून' प्रकार समजून घेण्यासारखा आहे, कारण आता तोच आपल्याकडच्या पॅकेजांतही आलाय. १९५० मध्ये 'क्लब मेद' नावाच्या कंपनीनं स्पेनच्या एका बेटावर हे सुरू केलं. पैसे घरूनच भरायचे, तिथे पाकीट काढायचंच नाही. जमैकात १९७८ पासून फक्त जोडप्यांसाठी अशी रिसॉर्ट्स निघाली. माझ्या एका मैत्रिणीची मुलगी न्यू जर्सीला असते, ती लग्नानंतर तिकडेच जाऊन आली. त्यांना ते चार तासांच्या विमानावर, म्हणजे आपल्याला गोवा तसं. तिलाही पैसे मोजूनच जायचं होतं. तिनं डिसेंबरचा पहिला आठवडा निवडला. जून ते नोव्हेंबर तिथे वादळांचा हंगाम. मागच्या ऑक्टोबरात, २०२५ ला, मेलिसा वादळानं जमैकाचं काय केलं ते आपण टीव्हीवर पाहिलंच. आणि नाताळ आला की भाव आकाशाला भिडतात. मधले ते दोन-तीन आठवडे बरे. मला तिची ही युक्ती फार आवडली. आपल्या किनाऱ्यालाही ती जशीच्या तशी लागू पडते.

आपल्याकडची लग्नं एप्रिल-मेमधली. त्याच वेळी कोकणात सगळे चाकरमानी उतरलेले, गाड्या भरलेल्या, खोल्या महाग, उकाडा असह्य. मेअखेरीस समुद्र खवळायला लागतो, पाण्यातले खेळ आणि होड्या पावसाळ्यात बंदच. जूनमध्ये गोव्यातल्या खोल्या स्वस्त मिळतात हे खरं, पण पाण्यात पाऊल टाकायची सोय नाही. मग लग्नाच्या तिसऱ्या दिवशीच निघायला हवं, असं कुठल्या पोथीत लिहिलंय? दिवाळीची सुट्टी संपल्यावर आणि नाताळच्या आधी जा की! सहा महिन्यांत चार पैसे साठतात, आणि एव्हाना दोघं एकमेकांना थोडी ओळखायलाही लागलेली असतात.

अंदमानचा कागदही आम्ही तपासला. पासपोर्ट लागत नाही ही जमेची बाजू. पण पॅकेज सुरू होत होतं पोर्ट ब्लेअरपासून (२०२४ पासून श्री विजयपुरम). तिथवरचं विमान आपलं आपण. हॅवलॉक बेटावर जायच्या बोटीचं तिकीट वेगळं. 'सहा दिवस पाच रात्री' म्हणताना पहिला आणि शेवटचा दिवस प्रवासातच गेलेला. जेवणापुढे नुसतं 'सीपी' लिहिलेलं. सीपी म्हणजे खोली आणि सकाळचा नाश्ता, बस्स! 'एमएपी' असेल तर नाश्ता आणि एक जेवण, 'एपी' असेल तर दोन्ही जेवणं. ही अक्षरं पाठच करून ठेवा, कारण जेवणाचं बिल तिथे गेल्यावर अंगावर येतं. 'हनिमून स्पेशल' म्हणून जे जास्तीचे पैसे घेतात, त्यात बहुधा पलंगावर फुलं, एक केक आणि एक मेणबत्तीचं जेवण असतं. 'सी व्ह्यू' म्हणजे समुद्र दिसतो, पण किती लांबून ते विचारावं. कोकणात 'बीच टच' लिहितात, तिथेही फोन करून विचारायचं, "दारातून वाळू किती पावलांवर?"

हे सगळं चाललेलं असताना मुलगी गप्पच. मी तिला कपबशा विसळायच्या निमित्तानं आत नेलं. म्हटलं, तुला काय हवंय? ती म्हणाली, "काकू, मला पोहता येत नाही, बोटीचीही भीती वाटते. रोज पहाटे उठवून पॉइंट दाखवतात ते नको. खोलीच्या बाहेर बसून समुद्र बघत राहावंसं वाटतं. आणि..." तिला पुढचं बोलवेना. पाळीची तारीख! लग्नासाठी एकदा गोळ्या घ्यायच्या, पूजेसाठी लांबवायचं, आणि फिरायची तारीख मामांनी ठरवली म्हणून पुन्हा तेच. ती स्वतः नर्स आहे, तरी हे कुणापुढे बोलायचं ते तिला कळत नव्हतं. बायांनो, जिच्यासाठी सहल काढायची तिला तारीखसुद्धा विचारत नाही आपण. निदान आईनं तरी विचारावं.

बाहेर येऊन तिनं हे सगळं (शेवटचं सोडून, ते नंतर त्याला एकट्याला सांगितलंन्) त्याच्यासमोर म्हटलं. तो म्हणाला, "मग तू आधी का नाही बोललीस?" मी मनात म्हटलं, तू विचारलं होतंस का?

मग पानावर दोन रकाने आखले. तो किती टाकणार, ती किती टाकणार. तिचा पगार आहे, तर तिचाही वाटा असावा हे तिचंच म्हणणं. दोन्ही आईबापांचा रकाना आखलाच नाही. मुलानं मोबाइलवरचं 'आता फिरा, नंतर भरा' दाखवलं, पण कंत्राटी नोकरीत हप्त्याची हमी कोण देणार? तेही खोडलं. उरलेल्या पैशांत जे बसेल ते. त्यात बसलं तारकर्ली. ठाण्यापर्यंत एसटी, पुढे तुतारी एक्स्प्रेसनं कुडाळ, तिथून मालवण. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि रेल्वेच्या स्लीपरचं दोघांचं मिळून एका वेळचं भाडं हजाराच्या आत. किनाऱ्यालगत एमटीडीसीचं रिसॉर्ट आहे, घरगुती खोल्याही आहेत. तीन रात्री, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. आणि मे महिन्यात लग्नाची धांदल ओसरल्यावर दोन दिवस बोर्डीला, चिकूच्या वाड्यांत. घरापासून दोन-तीन तासांवर.

"लोक काय म्हणतील, जव्हारहून बोर्डीला हनिमून?" असं मामा म्हणाले म्हणे. मला सांगा, पावसाळ्यात मुंबई-नाशिकची जोडपी आपल्या दाभोसा धबधब्यावर आणि जयविलास राजवाड्यासमोर फोटो काढायला गर्दी करतात, त्यांना कुणी हसतं का? जिल्हा एक होता तेव्हा जव्हारला 'ठाण्याचं महाबळेश्वर' म्हणायचे. त्यांना आपलं गाव चालतं, आपल्याला मात्र आपलाच किनारा चालत नाही!

आणि आपल्याच तालुक्यातल्या पाड्यांवर काय आहे तेही डोळ्यांआड करू नये. तिथे पैसे नाहीत म्हणून लग्नच वर्षानुवर्षं लांबतं, मुलंबाळं झाल्यावर सामुदायिक विवाहात आईबापांचं लग्न लागतं. तिथलं नवं जोडपं दिवाळीनंतर गाव सोडतं ते वीटभट्टीवर, भिवंडी-वसईकडे. ५० हजारांचा अर्ज वाचताना आमच्या गटातल्या मोखाड्याच्या दोघी जणी एकमेकींकडे का पाहत होत्या, ते मला कळलं होतं.

एक गोष्ट सांगायचीच राहिली. आमच्या शेजारच्या मुलीचं विमानाचं तिकीट सासरच्यांनी हौसेनं नव्या नावानं काढलं. आधारकार्डावर नाव माहेरचं. विमानतळावर आत सोडेनात. हातात हिरवा चुडा, डोळ्यांत पाणी आणि बरोबरचा नवरा आयत्या वेळी दुसऱ्या तिकिटाच्या पैशांसाठी घरी फोन लावतोय, अशी त्यांची सुरुवात झाली. रेल्वेत काय, हॉटेलात काय, ओळखपत्र मागतातच. तेव्हा ओळखपत्रावर जे नाव, तेच तिकिटावर.

ताईंनी पुढच्या बैठकीत अर्ज मागे घेतला. यादीतली ती ओळ मुलानं स्वतः मामांसमोर खोडली, त्यावरून दोन दिवस घरात अबोला होता. लग्न मे महिन्यात झालं. रेल्वेचं आरक्षण २०२४ च्या नोव्हेंबरपासून ६० दिवस आधी सुटतं, म्हणून ऑक्टोबरात सकाळी आठच्या आधीच दोघं मोबाइल घेऊन बसली होती. तिकिटावर तिचं माहेरचंच नाव पाहून सासूबाईंनी विचारलं, "अजून हेच नाव?" मुलगा म्हणाला, "आई, कार्डावर हेच आहे. बदलायचं की नाही, ते ती ठरवील."