रात्री दोन वाजता कोण जागं असतं?

वडापावची गाडी लावायची तर अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागते. अनाथ मुलांसाठी घर चालवायचं तर बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे नोंदणी सक्तीची आहे. ती न करता मुलं ठेवली, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. अपंग व्यक्तींसाठीच्या संस्थांना २०१६चा कायदा आहे, मानसिक आरोग्य संस्थांना २०१७चा.

आता एक बंगला भाड्यानं घ्या. त्यात वीस कॉट टाका, बाहेर ‘घरापासून दूर, तरी घरच’ असा फ्लेक्स लावा आणि महिना पंचवीस-तीस हजार घेऊन स्वतःहून कूसही न बदलता येणारी माणसं सांभाळायला घ्या. त्यांच्या ताटातलं वरण कायद्याच्या कक्षेत येतं. ते ज्यांनी खायचं, त्यांच्यासाठी मात्र असा कायदा नाही.

‘असं कसं, ज्येष्ठांसाठी कायदा आहे की!’ आहे. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा २००७चा केंद्रीय कायदा. पण त्याचा बराचसा जोर मुलांकडून पोटगी कशी मिळवायची यावर आहे. वृद्धाश्रमांबद्दलचं कलम १९ म्हणतं, की राज्य सरकार प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, निदान दीडशे निराधार ज्येष्ठांना सामावून घेणारं घर उभारू ‘शकेल’. ‘उभारेल’ नव्हे, ‘शकेल’. आणि पैसे घेऊन चालणाऱ्या खाजगी घरांना नोंदणी सक्तीची करणारं कलम त्यात नाहीच. ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंद असते, पण तिथे हिशेब तपासले जातात, बाथरूमची फरशी नाही.

ही उणीव सरकारला माहीत नव्हती असंही नाही. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केंद्राला सांगितलं, की प्रत्येक जिल्ह्यात किती वृद्धाश्रम आहेत याची माहिती राज्यांकडून गोळा करा. म्हणजे सुरुवात मोजण्यापासून होती! डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं. त्यात ज्येष्ठांच्या देखभाल केंद्रांची नोंदणी होती, घरी माणसं पुरवणाऱ्या एजन्सींची नोंदणी होती, किमान मानकंही होती. ते स्थायी समितीकडे गेलं. २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपली आणि विधेयक निकालात निघालं. कुठे मोर्चा निघाला नाही, कुठला हॅशटॅग चालला नाही.

का नाही चालला? माझ्या मते याचं कारण दिल्लीत नाही, आपल्या दिवाणखान्यात आहे. ‘वृद्धाश्रम’ म्हटलं की आपण लगेच मुलांवर खटला भरतो. ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आलं, ‘बागबान’ २००३ साली पडद्यावर. मधल्या काळात आणि नंतरही आपण तोच खटला चालवत आलो. आता तो फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड होऊन येतो: कृतघ्न मुलगा, परदेशातली सून, खिडकीत बसलेली आई. त्या खिडकीला कुलूपबंद ग्रिल आहे का आणि आग लागली तर त्याची किल्ली कोणाकडे असते, हे त्या फॉरवर्डमध्ये कधीच नसतं. संस्कारांवर बोलणं फुकट असतं. ग्रिलवर बोललं की कोणाला तरी खर्च येतो.

१ जानेवारी २०२३च्या पहाटे दिल्लीत ग्रेटर कैलाश भागातल्या ज्येष्ठांच्या एका केअर होमला आग लागली. दोन वृद्ध महिला गेल्या. ही वस्ती गरिबांची नाही. भरपूर पैसे मोजले की सुरक्षितता आपोआप मिळते, असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

गेल्या वर्षी आजीसाठी मी पुण्यात आणि आसपास नऊ ठिकाणं पाहिली. आजीला डिमेन्शिया आहे. तिला उचलून आईची कंबर गेली आणि रात्रीच्या बाईला ब्युरोवाले दर पंधरा दिवसांनी बदलत होते. मी एक्सेल शीट करून गेलो होतो. सगळीकडे आधी बाग दाखवली, मग देवघर, मग ‘दादा, इथे सगळ्या आज्या अगदी घरच्यासारख्या राहतात’. माझ्या शीटमधला पहिला प्रश्न वेगळा होता: रात्री दोन वाजता कोण जागं असतं? नऊपैकी सहा ठिकाणी सरळ उत्तर मिळालं नाही. एके ठिकाणी मिळालं: ‘एक मावशी असतात. झोपतात, पण हाक मारली की लगेच उठतात.’ तिथे बावीस माणसं होती. माझ्या आजीला आता हाक मारायची असते, हेच आठवत नाही.

दुसऱ्या ठिकाणी हमीपत्र पुढे आलं: पडल्यास, जखम झाल्यास, निघून गेल्यास संस्था जबाबदार नाही. मी विचारलं, गेल्या सहा महिन्यांत किती जण पडले? ‘कोणीच नाही.’ पंचविसेक म्हातारी माणसं, उंबरा असलेलं बाथरूम, गुळगुळीत फरशी, आणि कोणीच पडलं नाही! मी ज्या क्षेत्रात काम करतो तिथे वेबसाइट चार मिनिटं बंद पडली तरी काय झालं, कधी कळलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं, हे लिहून काढावं लागतं. जिथे नोंदच नाही तिथला ‘शून्य’ म्हणजे सुरक्षितता नव्हे. तिथे कोणी मोजत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मग माणूस गूगलवर जातो. ४.८ तारे. रिव्ह्यू वाचा: ‘बाबांच्या वाढदिवसाला इथे जेवण दिलं, खूप समाधान वाटलं.’ तारे देणारा दात्याच्या भूमिकेत आला आणि तासाभरात निघून गेला. जो रात्रभर ओल्या डायपरमध्ये पडून असतो, त्याच्याकडे फोन नसतो. एल्डरलाइनचा १४५६७ हा नंबर चांगला आहे, सेव्ह करून ठेवा. पण तोही ज्याला फिरवता येतो त्याच्याच कामाचा.

मानकं ठरवणं अवघड आहे, असं म्हणायचीही सोय नाही. २०२४ मध्ये महारेरानं ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली: व्हीलचेअर जाईल एवढे रुंद दरवाजे, बाथरूममध्ये धरायला दांडे, न घसरणाऱ्या फरशा. म्हणजे लाखो रुपयांचा फ्लॅट विकत घेणाऱ्या, अजून चालत्याफिरत्या ज्येष्ठाचा घोटा घसरू नये याची काळजी आपण घेतली. महिन्याच्या बोलीवर कॉट घेणाऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी तेच दांडे ‘व्यवहार्य नाहीत’!

आक्षेप मला ठाऊक आहेत. ‘इन्स्पेक्टर राज येईल, हप्ते सुरू होतील.’ येऊ शकतं. म्हणून तपासणी अचानक हवी, तिच्यात डॉक्टर हवा, आणि अहवाल फायलीत न जाता मराठीत, मोबाइलवर, सर्वांसाठी खुला हवा. इंग्लंडमध्ये केअर क्वालिटी कमिशन नेमकं हेच करतं. लीड्समध्ये राहणारा पुणेकर मुलगा आपल्या शेजारच्या केअर होमचा तपासणी अहवाल फोनवर वाचू शकतो. कोथरूडमध्ये त्याची स्वतःची आई जिथे आहे तिथला नाही. त्या कमिशनचंही सगळं आलबेल नाही. २०२४ मध्ये खुद्द तिथल्या आरोग्यमंत्र्यांनी ते कामाच्या लायकीचं राहिलं नसल्याचं सांगितलं. पण यंत्रणा होती म्हणून ती बिघडली हे लोकांना कळलं. आपल्याकडे बिघडायलाही काही नाही.

‘छोट्या, सेवाभावी संस्था बंद पडतील.’ मुदत द्या, अनुदान द्या, पण सूट देऊ नका. सेवाभावानं चालवलेल्या घरातही दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतातच. आणि मानकं मावशींच्याही बाजूची असतात. मराठवाड्यातल्या एखाद्या गावाहून आलेली, कसलंही प्रशिक्षण न मिळालेली बाई बारा तासांच्या ड्युटीत एकटी बावीस जणांना बघते आणि काही झालं की पहिली तिचीच नोकरी जाते. किती माणसांमागे किती मावशी, हे कायद्यात लिहिलं तर मालकाला दुसरी मावशी ठेवावी लागेल.

‘घरीच सांभाळा ना!’ घरी म्हणजे कोणी? हे वाक्य बोलणारा क्वचितच स्वतः डायपर बदलतो. ते काम सुनेच्या, मुलीच्या, बायकोच्या वाट्याला येतं. २०११च्या जनगणनेतच महाराष्ट्रात साठीपुढची माणसं जवळपास दहा टक्के होती. आपल्या पिढीत घरटी एक किंवा दोन मुलं. हा हिशेब संस्कारांनी सुटणारा नाही.

मागणी छोटी आहे. प्रत्येक घराची सक्तीची नोंदणी. रात्रपाळीला जागं राहणाऱ्या माणसांचं प्रमाण. दांडे, न घसरणारी फरशी, आतून उघडणारा बाहेरचा दुसरा रस्ता. औषधांचा तक्ता. प्रत्येक पडण्याची, प्रत्येक जखमेची, प्रत्येक मृत्यूची नोंद आणि ती नातेवाइकांना बघण्याचा हक्क. लोकसभेत विधेयक पडून राहिलं म्हणून राज्याचे हात बांधलेले नाहीत. महाराष्ट्र आपला कायदा करू शकतो, आणि आमदार मत मागायला आपल्याच सोसायटीत येतो. त्याला विचारा.

आणि तोपर्यंत, तुमचं कोणी अशा घरात असेल तर रविवारी सकाळी फळं घेऊन जाऊ नका. मंगळवारी रात्री नऊला, न सांगता जा. गेटवर अडवलं, तर तेच तुमचं उत्तर समजा.